गल्लीच्या तोंडाशी चपला

बन्सीधरचा उजवा हात कोपरापासून गेला, त्याला मी लिहिलेलं एक पत्र कारण होतं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. ते पत्र लिहिलं तेव्हा मात्र आपण जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं मला वाटलं होतं.

साल शहाऐंशी. पेडगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये मी हजेरी कारकून होतो. फाटकाजवळच्या खोलीत बसायचं, येणाऱ्याच्या नावापुढे खूण करायची आणि उरलेल्या वेळात हाती लागेल ते वाचायचं. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडे. गावातल्या भिंती तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं आणि विरोधात रंगलेल्या होत्या. फाटकासमोरच्या टपरीवर रोज त्यावरून तोंडं वाजत, पण भोंगा झाला की दोन्हीकडची माणसं एकामागोमाग आत येत आणि मी त्यांच्या नावापुढे सारख्याच खुणा करी.

आत लांबलचक शेडमध्ये चोवीस रेचे होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. प्रत्येक रेच्यापुढे एक बाई उभी राहून कापूस घालायची. हे सगळे रेचे एकाच लोखंडी शाफ्टवर चालत. तो शाफ्ट शेडच्या जमिनीखाली, एका अरुंद भुयारात होता. भुयाराला सगळे गल्ली म्हणत. गल्लीत वाकूनच चालावं लागे. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला शाफ्ट आणि त्यावरून वर रेच्यांकडे गेलेले पट्टे. शाफ्टच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं काम बन्सीधरचं. तो झरी गावचा, तिशीतला, हसऱ्या तोंडाचा.

शाफ्ट थांबवला तर चोवीसच्या चोवीस रेचे थांबतात. म्हणून हंगामात तो मुद्दाम कुणी थांबवत नसे. पण वीज जायची. दिवसातून एकदा तरी जायचीच. वीज गेली की मेन स्विच पाडला जाई, बायका पाणी प्यायला बसत, बन्सीधर ग्रीसचा डबा घेऊन गल्लीत उतरे, आणि वीज आली की गुरुसिद्धप्पा मिस्त्री तो स्विच टाकून शाफ्ट सुरू करत. अशी पंधरा वर्षांची रीत होती.

खरं तर नियम वेगळा होता. स्विचच्या वर पत्र्याच्या पाटीवर तो लिहिलेला होता: गल्लीत उतरणाऱ्यानं फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत, आणि वर आल्यावर स्वतःच्या हातानं बसवावेत. बन्सीधरनं नवा असताना एकदा तसं केलं होतं. मिस्त्री त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी एवढंच म्हणाले, "फ्यूज खिशात घालून उतरतोस. म्हंजे मी काय तुला मारायला टपलोय व्हय रे?" बन्सीधरनं त्यांच्या पायाला हात लावला. तेव्हापासून फ्यूजला कुणी हात लावला नाही. पाटीवर तेलाचा थर चढत गेला. स्विचजवळ, तो टाकण्याआधी वाजवायची एक घंटाही होती, पण तिची दोरी दोन वर्षांपूर्वी तुटली होती आणि ती कुणाला आठवतही नव्हती.

असं असूनही पंधरा वर्षांत गल्लीत कुणाला खरचटलं नव्हतं. ते कशामुळे, याचा मी कधी विचार केला नाही. मिस्त्री कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग चाचपून स्विच टाकतात, त्यांचा हात चांगला आहे, असं लोक म्हणत. मलाही ते पुरेसं वाटे.

त्या वर्षी जानेवारीत बन्सीधरच्या पायात गल्लीतला खिळा गेला. पाय सुजला, पिकला. वीस दिवस तो लंगडत होता आणि मधल्या सुट्टीत माझ्या खोलीच्या पायरीवर बसायचा.

"सायब, एवढी पुस्तकं वाचता, पायाचं काय लिवलंय का बगा की त्यात."

तो चेष्टेनं म्हणाला, पण नेमकी त्याच आठवड्यात सुरक्षितता सप्ताहाची एक पुस्तिका टपालानं आली होती. व्यवस्थापक आबासाहेबांनी ती न उघडताच माझ्याकडे सरकवली होती. तिच्यात पायाचं लिहिलेलं होतं. कानाचंही होतं. मी चार दिवस खाडाखोड करून आबासाहेबांना एक पत्र लिहिलं. सूचना दोन. एक, गल्लीत काम करणाऱ्याला जाड तळव्याचे बूट द्यावेत. दोन, रेच्यांवरच्या बायकांना कानात घालायला रबरी बोळे द्यावेत, कारण त्या आवाजानं म्हातारपणी बहिरेपण येतं. पत्र समोर जाऊन द्यायचा धीर झाला नाही. त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवून मी परत आलो.

आबासाहेबांनी ते वाचलं हाच मला धक्का होता. चार मार्चला सप्ताहाच्या पहिल्या दिवशी कार्यक्रम झाला. नारळ फुटला, प्रतिज्ञा झाली. बन्सीधरला काळे, चामडी, दोरीचे बूट देण्यात आले. "बोळे मागवलेत, यायचेत," असं आबासाहेब भाषणात म्हणाले आणि माझं नाव घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी खाली बघत होतो.

गल्लीच्या तोंडाशी भिंतीत एक कोनाडा होता. त्यात मिस्त्रींनी महादेवाची तसबीर ठेवली होती, रोज उदबत्ती लागे. त्या दिवशी वीज गेल्यावर बन्सीधर नवे बूट घालून तिथं येऊन थबकला.

"मिस्त्री, बूट काढू का? महादेव हाय हितं. पर दोऱ्या सोडायच्या, बांधायच्या, तवर लाईट येती."

"कामाचे बूट हायत," मिस्त्री म्हणाले. "देव काय पाय बघत बसतो व्हय. जा तसाच."

कडूबाई म्हणून एक वयस्क बाई पहिल्या रेच्यावर काम करायची. ती पाणी पिता पिता म्हणाली, "जावई दिसायलाय झरीचा. कामून रे, सासऱ्यानं दिले का?"

"सासऱ्यानं न्हाई, कारकूनसायबानं."

बायका हसल्या. मीही हसलो. आम्ही सगळे तिथंच उभे होतो. आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

अकरा मार्चला, मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास वीज गेली. दुपारची हजेरी घ्यायला मी शेडकडे निघालो होतो. वाटेत बन्सीधर ग्रीसचा डबा घेऊन जाताना दिसला. "सायब, बूट मऊ पडले बरं का आता," म्हणाला आणि पुढं गेला. मिस्त्री गाठी बांधायच्या प्रेसकडे काहीतरी बघायला गेले होते, म्हणून त्याला उतरताना त्यांनी पाहिलं नाही. मी ओळीनं बायकांची हजेरी घेत राहिलो.

वीस-पंचवीस मिनिटांनी दिवे लागले. मिस्त्री लगबगीनं आले. स्विचकडे जाण्याआधी ते गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि त्यांनी खाली, कोनाड्याजवळच्या फरशीकडे पाहिलं. रोज पाहत तसंच. मीही पाहिलं. फरशी मोकळी होती. माझ्या मनात बन्सीधर आला होता, हे मी खोटं सांगणार नाही. तो खाली गेला होता हे मला ठाऊक होतं. पण फरशी मोकळी दिसली आणि मला वाटलं, आला असेल वर.

मिस्त्रींनी गळ्यातलं लिंग चाचपलं आणि स्विच टाकला.

चोवीस रेच्यांच्या आवाजात माणसाचा आवाज ऐकू येत नाही. मला काहीच ऐकू आलं नाही. कडूबाईनं मात्र हातातला कापूस खाली टाकला आणि आपल्या रेच्याकडे मान वाकडी करून पाहिलं. मग ती मिस्त्रींकडे चालत गेली, पळाली नाही, आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "पाडा. खाली मानूस हाय."

स्विच पडला. पण स्विच पडला म्हणून शाफ्ट लगेच थांबत नाही. चोवीस रेच्यांचं वजन त्याला ओढत राहतं. आवाज हळूहळू उतरत जातो. अर्धा मिनिट असेल, पाऊण असेल. त्या वेळात आम्ही सगळे जागच्या जागी उभे होतो आणि आता बन्सीधरचा आवाज ऐकू येत होता.

त्याला बारदानावर घालून वर आणलं. मी हाताकडे पाहू शकलो नाही, म्हणून पायांकडे पाहिलं. बूट पायात होते. दोऱ्यांच्या दुहेरी गाठी जशाच्या तशा होत्या. मला काहीतरी कळल्यासारखं झालं, पण काय ते कळेना. आबासाहेबांची जीप निघाली. मिस्त्री गल्लीच्या तोंडाशी बसले आणि फरशीवरून तळहात फिरवत राहिले, अंधारात पडलेली वस्तू चाचपावी तसे.

चौथ्या दिवशी मिस्त्री माझ्या खोलीशी आले. "दवाखान्यात जायचंय," म्हणाले. "एकल्याला धीर होईना." मला तरी कुठं होत होता. आम्ही डझनभर केळी घेतली आणि गेलो.

बन्सीधर खाटेवर उशीला टेकून बसला होता. कोपराखाली काही नव्हतं, पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा होता. त्याची बायको केशरबाई पायाशी उभी होती. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही. बन्सीधर कितीतरी वेळ मिस्त्रींकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. एखादं कोडं पडल्यासारखा तो पाहत होता.

"मिस्त्री, इचारू का एक?"

"इचार."

"तुमी चपला बघितल्या न्हाईत व्हय?"

"बघितल्या," मिस्त्री म्हणाले. "पैल्यांदा तेच बघितलं. न्हवत्या रे. तुझ्या गळ्याची आन."

"न्हवत्या कशा? मी उतरताना रोज..."

तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर खाटेखाली गेली. तिथं दवाखान्याच्या माणसानं त्याचे बूट ठेवले होते, शेजारी शेजारी, नीट. मिस्त्रींनीही पाहिलं. मग मी पाहिलं.

पंधरा वर्षं गल्लीत उतरणारा माणूस कोनाड्यापाशी चपला काढत होता. महादेवासाठी काढत होता, गल्लीत टाकलेल्या तेलकट फळीवर चप्पल घसरते म्हणूनही काढत होता. आणि पंधरा वर्षं मिस्त्री स्विचला हात लावण्याआधी फरशी बघत होते. चपला असल्या की थांबायचं, नसल्या की टाकायचा. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या कारखान्याचा जीव त्या दोन चपलांवर होता आणि मी त्या काढून घेतल्या होत्या. कागदावर, चांगल्या अक्षरात.

केळ्यांची पिशवी माझ्या हातात तशीच होती. केशरबाईनं ती काढून घेतली.

"ते बूट..." मी म्हणालो. "ते मी लिहिलं होतं, बन्सीधर."

"ठाव हाय की, सायब."

"मी तुला आधी विचारायला पाहिजे होतं."

त्यानं विचार केला. खरंच विचार केला, मला बरं वाटावं म्हणून नाही. मग म्हणाला, "इचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? बूट द्या म्हनलो असतो. चपलांचं मला तरी कुठं ठाव होतं."

चौकशीला फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब आले तेव्हा आबासाहेबांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. मिस्त्रींच्या चुकीनं झालं असं ठरलं तर त्यांना घरी बसवणार, आणि पोलिसात प्रकरण गेलं तर वेगळंच, हे सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रींना विचारलं तर ते एकच वाक्य बोलत होते, "स्विच मी टाकला." आबासाहेब साहेबांना पाटी दाखवत होते. ती रातोरात घासून चकचकीत केली होती. फ्यूज काढायचा नियम आहे, कामगारानं तो पाळला नाही.

मी कोपऱ्यात उभा होतो. मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी बोललो. चपलांचं सांगितलं, बुटांचं सांगितलं. बूट माझ्या पत्रामुळे आले तेही सांगितलं. फ्यूज का काढत नाहीत तेही सांगितलं, आणि ते सांगताना मिस्त्रींकडे पाहायचं टाळलं. बोलायला फार वेळ लागला. मध्ये मध्ये मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होतो.

साहेब सज्जन होते. त्यांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"चपला ठेवायचा नियम कुठं लिहिलाय?"

"कुठंच नाही, साहेब."

"कुणी कुणाला शिकवला?"

"कुणीच नाही."

"मग तो नियम नव्हता, भगवानराव. जो नव्हताच तो मोडला असं मी कसं लिहू?" त्यांनी पेन उचललं. "आणि बूट देणं ही तर चांगलीच गोष्ट आहे. ते मी अवश्य लिहीन."

कामगाराचा निष्काळजीपणा, असं लिहिलं गेलं. मिस्त्रींची नोकरी राहिली, प्रकरण पुढं गेलं नाही. माझ्या पत्राचं दोन ओळींत कौतुक आलं. मी त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या, कारण त्या माझ्याबद्दल आहेत हे मला खरं वाटेना.

पुढच्या सोमवारी आबासाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर पुठ्ठ्याचा एक खोका होता.

"तुमची दुसरी सूचना," ते म्हणाले. "बोळे आले. साहेबांनीही लवकर वाटा म्हटलंय. आजच द्या सगळ्यांना, आणि घातल्याशिवाय रेच्यावर उभं राहू द्यायचं नाही."

खोका घेऊन मी शेडमध्ये गेलो तेव्हा वीज गेलेली होती. बन्सीधरच्या जागी आलेला माणूस ग्रीसचा डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा होता. त्याच्याही पायात नवे बूट होते. मिस्त्री स्विचपाशी गेले, चिनीमातीचे तीनही फ्यूज उपसून काढले आणि त्याच्या हातात दिले. तो माणूस ओशाळला. "मिस्त्री, तुमच्यावर भरोसा न्हाई व्हय मला?" म्हणाला.

"माझा माझ्यावर न्हाई," मिस्त्री म्हणाले. "खिशात घाल."

मी पहिल्या रेच्यापासून वाटायला सुरुवात केली. कडूबाईनं बोळे तळहातावर घेऊन दाबून पाहिले.

"कशाचे म्हनं हे?"

"कानात घालायचे. आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून."

"आवाज बंद व्हतो का त्यानं?"

"बराचसा."

तिनं ते परत माझ्या हातावर ठेवले. "मग टिकटिक कशी ऐकायची?"

मला समजलं नाही. तिनं माझ्याकडे अगदी पायरीवर बसून अक्षरं गिरवणाऱ्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं.

"सायब, कापसात खिळा येतो, कंदी बैलगाडीचा नट येतो. रेच्यात गेला की आधी टिकटिक करतो. तेवढ्यात पट्टा पाडून रेचा थांबवला तर ठीक. न्हाईतर ठिनगी पडती. रुईवर ठिनगी पडल्यावर काय इझवता मग?" ती शेडभर उभ्या असलेल्या बायकांकडे हात करून म्हणाली, "ह्या हंगामात चारदा झालं. इचारा कमळीला, इचारा मालनबाईला. कुनाला सांगायचं त्यात? पट्टा पाडायचा, खिळा काढायचा, पुन्ना कामाला लागायचं. आनि बन्सीच्या वक्ताला काय झालं? रेच्याचा आवाज बसला. तवाच मला कळलं की खाली कायतरी धरलंय."

माझ्या हातात खोका होता. चोवीस जणींचे बोळे. शेडच्या दोन्ही बाजूंना छपरापर्यंत कापूस भरलेला होता. जवळ सरकीचं एक पोतं होतं, त्यावर बसलो.

बूट आणि बोळे, एकाच कागदावर, एकाखाली एक. बूट आधी आले म्हणून बन्सीधरचा हात गेला. बोळेही त्याच दिवशी आले असते तर?

"काय झालं, सायब? पानी देऊ का?" मालनबाई म्हणाली.

मी नको म्हटलं. खोक्याचं झाकण लावलं. तो परत आबासाहेबांच्या टेबलावर ठेवायचा, आणि यावेळी पेपरवेटखाली कागद ठेवून पळून यायचं नाही, एवढं ठरवलं. ते मला जमलं, पण ते नंतरचं. त्या वेळी मी बसल्या जागेवरून कडूबाईकडे पाहिलं. सात वर्षं मी तिच्या नावापुढे रोज खूण करत होतो आणि तिला एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

"आणखी काय काय ऐकता तुम्ही?" मी विचारलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मालनबाईकडे बघून हसली.

"लय हाय," ती म्हणाली. "लाईट येस्तोवर पुरायचं न्हाई. बसा."